चाळीस पावलं

बंदूक दुरुस्त करणं एकवेळ सोपं, पण ती उडवून बघायला जागा मिळवणं महाकर्मकठीण, हे उस्तादला त्या दिवशी दुपारपर्यंत पुरतं पटलं. सकाळी सुनेने स्कूटर काढली. तो मागे बसला, मांडीवर दोन बंदुकांची लांब पेटी, काखेत कागदांची गुंडाळी, आणि कित्येक महिने दुखणारा गुडघा आदल्या रात्रीपासून जास्तच ठणकत होता. परवाना होता, शिक्के होते, ठाण्यालाही कळवून झालं होतं. नव्हती ती फक्त जागा. एवढी मोठी दुनिया, पण चार बार टाकायला कुणी वीतभर जमीन देईना!

आता बार टाकायचे ते कशाला, असं कुणी विचारेल. छर्ऱ्याच्या बंदुकीतून एक गोळी सुटत नाही, मूठभर छर्रे सुटतात. चाळीस पावलांवर मोठा कागद टांगायचा, त्यावर बार टाकायचा आणि भोकं कुठे दाट, कुठे विरळ ते बघायचं. नळीचं काम जमलं की फसलं ते कागद सांगतो. उस्तादच्या गुरूने यात एक नियम घालून दिला होता: ज्याचं काम, त्याचीच पावलं. दुसऱ्याने मोजलेल्या अंतरावर भरवसा ठेवायचा नाही. उस्तादने तो जन्मभर पाळला, आणि सून हाताखाली आली तेव्हा तिलाही घालून दिला.

सून हाताखाली आली हेही नवलच. मुलाला तेलाचा आणि गंजाचा वास सोसत नसे, तो गेला जहाजावर. सून एकदा सासऱ्याचा डबा घेऊन दुकानात आली, सहज म्हणून कानस हातात घेतली आणि बसली ती बसलीच. उस्ताद घरी बायकोला म्हणायचा, "पोटच्या पोराने पाठ फिरवली, पण सून नशिबाने चांगली मिळाली." हे तो सुनेला मात्र कधी म्हणाला नाही.

मागच्या महिन्यात माशी शिंकली. एका बागवाल्याने दोन बंदुका दुरुस्तीला टाकल्या होत्या. एकीची नळी उस्तादने घोटली, तोंड सारखं केलं. दुसरी सुनेने, पहिल्यांदाच एकटीने. जुन्या दगडखाणीत जाऊन दोघांनी आपापली पावलं मोजली, आपापला बार टाकला. उस्तादचा कागद चाळणीसारखा दाट. सुनेचा मधे भरलेला, पण कडेला पातळ. बागवाला शेजारीच उभा होता. त्याच्या देखत उस्ताद म्हणाला, "पोरी, हे तुझ्या हातचं काम नव्हे. उगाच माझं नाव घालवू नकोस." बागवाला हसला, दोन्ही तयार झाल्या की एकदमच नेईन म्हणाला. आठ दिवसांत सुनेने पॅकिंगच्या कारखान्यात नोकरी बघितली. येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं.

ती गेली की दुकानाचं शटर खाली येणार, हे उस्तादला कळत होतं. एकट्याने आता ओढवत नव्हतं. पण बोललेला शब्द गिळायचा कसा? मग काल तीच म्हणाली होती, "बाबा, जायच्या आधी मला एकदा पुन्हा बघायचंय. आणि तुम्ही केलेलीही बंदूक घ्या बरोबर."

तर खाणीपासून सुरुवात केली. खाणीला महिन्याभरातच पत्र्याचं कुंपण आणि रंगीत कमान. रखवालदार म्हणाला, "फ्लॅट बुक करायचाय? पण बंदूक घेऊन कोण येतं फ्लॅट बघायला?"

"भाव ऐकल्यावर लागेल म्हणून आणली," सून म्हणाली आणि स्कूटर वळवली.

वीटभट्टीचा मालक हो म्हणाला, पण तिथे बायका-पोरं जिकडेतिकडे. उस्तादनेच नको म्हटलं. कोंबड्यांच्या शेडच्या मागे मोठं मोकळं रान होतं. शेडवाल्याने पेटी बघूनच हात जोडले. "उस्ताद, परवा दारात ट्रकचं टायर फुटलं, तर माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या विसरल्या. चहा घ्या आणि निघा."

नेमबाजीच्या क्लबात फाटकावरच अडवलं. सभासद आहात का?

"अरे बाबा, तुमच्या सभासदांच्या बंदुका मीच नीट करतो!"

"मग सभासदाला घेऊन या."

उस्तादच्या नाकी नऊ आले. ऊन डोक्यावर, पोटात भूक, आणि स्कूटरचा प्रत्येक खड्डा थेट गुडघ्यात. "चल घरी," तो म्हणाला. "कागद काय सांगणार ते मला माहीत आहे. तुलाही आहे."

"अजून एक ठिकाण आहे," सून म्हणाली. तिचाही आवाज थकलेला होता, पण तिने स्कूटर थांबवली नाही.

ते ठिकाण म्हणजे पाणीपुरवठ्याचा जुना तलाव. गाळ काढायला रिकामा केला होता, आणि काम काही ना काही कारणाने अडलं होतं. तिथल्या पहारेकऱ्याची बंदूक उस्तादने एकदा दुरुस्त करून दिली होती. तो ओशाळून म्हणाला, "साहेब यायच्या आत आटपा. आणि मी तुम्हाला बघितलेलं नाही." पलीकडे मातीचा उंच बांध, आसपास चिटपाखरू नाही. आयती जागा!

सुनेने बांधापुढे चौकट रोवली, कागद ताणून लावला. उस्ताद तिथेच एका दगडावर टेकला.

"बाबा, उठा. तुमची पावलं."

"गुडघा मेलाय माझा. तूच टाक. दोघांसाठी तीच."

"आणि नियम?"

"नियम गेला चुलीत!"

ती कागदाला पाठ करून ओल्या गाळातून चालत गेली आणि चाळिसाव्या पावलावर काठी रोवली. उस्ताद लंगडत तिच्यामागे गेला. तिने आपली बंदूक भरली, बार टाकला. दोघं कागदाशी आले. मागच्यासारखाच कागद: मधे भरलेला, कडेला पातळ.

"तू हिला पुन्हा हात लावला होतास?"

"नाही."

"मग वेगळं काय दिसणार होतं?" त्याने कोरा कागद लावायला सांगितलं, काठीपाशी गेला आणि आपल्या बंदुकीचा बार टाकला.

कागदाजवळ जाऊन बघतो तर काय! मधोमध ताटलीएवढी जागा कोरी. छर्रे सगळे कडेला पांगलेले. खाणीतला तो दाट कागद या बंदुकीचा होता असं कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

"काडतूस सादळलं असेल," तो म्हणाला. दुसरं घातलं. पुन्हा तेच. मग त्याने वाऱ्याला दोष दिला, आणि वारा तर नावालाही नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! शेवटी तो सुनेवर घसरला. "तुझी पावलंच चुकली. मी मोजतो."

दुखरा गुडघा घेऊन तो कागदापासून निघाला. मोठ्याने मोजत होता. चाळीस म्हणून थांबला आणि मान वर केली. काठी अजून बरीच पुढे होती.

मोजण्यात घोटाळा झाला असेल म्हणून तो मागे गेला, पुन्हा निघाला. गाळात त्याचे मघाचे ठसे होते. त्याचे पाय नेमके त्याच ठशांत पडत गेले, आणि चाळीस पुन्हा तिथेच संपले. शेजारून सुनेच्या ठशांची ओळ गेली होती, सरळ, लांब टांगांची. तिच्या दोन ठशांत त्याचे तीन बसत होते.

उस्ताद तिथेच उभा राहिला. गुडघ्याने पाऊल आखडलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. तो दर वेळी थोडा थोडा कागदाजवळ सरकत गेला, आणि जवळून काय, कुठलीही बंदूक दाट मारते! खऱ्या चाळीस पावलांवर चांगल्या नळीचा कागद पोरीच्या कागदासारखाच दिसतो, मधे भरलेला, कडेला पातळ. लोकांनी त्या बंदुका विश्वासाने नेल्या. नेम चुकला तर बिचाऱ्यांनी आपल्याच डोळ्यांना बोल लावला असेल. आणि पोरीला मी परक्यादेखत काय बोललो? शरमेने त्याला तिच्याकडे बघवेना.

"तुला माहीत होतं?" त्याने खाली बघूनच विचारलं.

"खाणीत संशय आला होता. तुम्ही उभे होतात ती जागा मला जवळ वाटली होती."

"मग तेव्हाच बोलायचंस ना, अगं!"

"ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. उलट आणखी चार शब्द सुनावले असते. त्याने खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ धरून नंबर शोधला आणि बागवाल्याला लावला.

"उस्ताद बोलतोय. सूनबाईने केलेली तुमची बंदूक तयार आहे, घेऊन जा. काम चोख आहे. मी केलेली मात्र नेऊ नका. ती फसली आहे, सूनबाई पुन्हा करून देईल."

पलीकडे बागवाला हसला. उस्ताद, थट्टा करताय काय?

"थट्टा नाही. त्या दिवशी तुमच्या देखत तिला बोललो, म्हणून तुम्हालाच सांगतोय. चूक माझी होती. पावलं माझी चुकली." त्याने फोन ठेवला आणि सुनेकडे वळला. "माफ कर, पोरी."

सून कागद गुंडाळत होती. तिने डोळे पुसले, गुंडाळीला दोरा बांधला. "कारखान्यात कळवते मी," ती म्हणाली. "येत नाही म्हणून."

उस्तादने मान हलवली. त्याला बरं वाटलं, खरंच वाटलं, पण त्याहून जास्त थकवा आला. दगडावर बसावं आणि उठूच नये असं वाटत होतं. तिने पेटी उचलली, त्याला हाताला धरून बांधाच्या चढावर आणलं.

"बाबा, किती बंदुका परत मागवाव्या लागतील?"

"गुडघा दुखायला लागल्यापासूनच्या," तो म्हणाला. "सगळ्या."