दोन्ही खिशांत

इस्पितळाच्या दारातली धातू तपासायची चौकट दुसऱ्यांदा वाजली, तेव्हा ओरव्हिल टॅकेट पहारेकऱ्यावर खेकसला, "पट्ट्याचं बक्कल असेल. जाऊ दे मला."

पहारेकरी तिशीचा, अंगाने दांडगा, पण आवाजाने मऊ होता. "मिस्टर टॅकेट, डावा खिसा बघा जरा," तो म्हणाला.

ओरव्हिलने डाव्या खिशात हात घातला आणि बोटांना नवं पिस्तूल लागलं. तळहातात मावेल एवढं. उजव्या खिशातलं जुनं तो आत्ताच गाडीत ठेवून आला होता. हे मात्र तो साफ विसरला होता.

पहारेकऱ्याने मघासारखाच टेबलाचा खण ओढला. "इथं ठेवा. कुलूप लावतो, किल्ली तुमच्याच हातात देतो. वर तुमची वाट बघताहेत."

"माझं हत्यार मी दुसऱ्याच्या खणात टाकत नाही."

पहिल्या खेपेलाही त्याने हेच उत्तर दिलं होतं. आपलं पिस्तूल आपणच रिकामं करायचं आणि आपणच कुलपात ठेवायचं, असं बापाने त्याला लहानपणीच सांगून ठेवलेलं. त्या भागातल्या कुठल्याही बापाने हेच सांगितलं असतं. तो पुन्हा बाहेर पडला. पिकअप अगदी टोकाला, पिकॅनच्या झाडांखाली लावलेली होती. तरीही त्याने घाई केली नाही, कारण पिस्तूल हातात असताना घाई करायची नसते. त्याने गोळ्यांचं मॅगझिन काढलं, नळी मोकळी असल्याचं डोळ्यांनी आणि बोटाने पाहिलं, सीटखालच्या लोखंडी पेटीत ठेवलं, कुलूप लावलं आणि सवयीने दोनदा ओढून बघितलं.

तिसऱ्या खेपेला चौकट गप्प राहिली. वर गेला तर नर्स खोलीचं दार ओढून घेऊन बाहेर उभी होती. ती ज्या तऱ्हेने उभी होती, त्यावरूनच त्याला कळलं.

"आत्ताच," ती म्हणाली. "अगदी आत्ताच गेल्या."

त्याच्या बायकोचा, नियोमाचा हात अजून ऊबदार होता.

ओरव्हिलचं सगळं आयुष्य शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर तो बक लँडर्सच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर उभा राहू लागला. शिकारीच्या बंदुका बक विकायचा. खिशात, पर्समध्ये लपवून बाळगायची छोटी पिस्तुलं मात्र ओरव्हिलची. आसपासच्या तीन गावांत कुणाला तसलं पिस्तूल घ्यायचं असलं की लोक म्हणत, टॅकेटला विचार. त्याचं कारण असं, की स्वतःच्या खिशात आठवडाभर वागवल्याशिवाय तो कुठल्याही पिस्तुलाबद्दल तोंड उघडत नसे. उजव्या खिशात जुनं पोलादी, डाव्यात नवं. तसाच चर्चमध्ये जायचा, दाताच्या डॉक्टरकडे जायचा, कोंबड्यांचं खाद्य आणायला जायचा. बसताना कुठलं टोचतं, उभं राहिल्यावर कुठल्याचा आकार पँटवर उमटतो, घामाने कुठलं गंजतं, हे सगळं बघायचा. शेवटी निकाल बहुतेक एकच असे. हलकं पिस्तूल खिशाला बरं, हाताला वाईट. जड पिस्तूल हाताला बरं, खिशाला वाईट. उडवताना हलक्याचा झटका मनगटापर्यंत जातो. जड हातात निमूट बसतं, पण दिवसभर पँट खाली ओढतं.

नियोमा त्याच्या पँटचे फाटलेले खिसे शिवून देई आणि शिवता शिवता टोमणे मारी. "इतर बायकांना नवरे मिळाले, मला तराजू मिळाला," ती म्हणायची. एकदा म्हणाली, "दोन औंसांचा फरक तुला कळतो. मी केस अर्धे कापून आले, ते काही कळलं नाही." ते खरंच होतं. त्याला दुसऱ्या दिवशीही कळलं नव्हतं.

त्या दिवशी चर्चच्या तळघरात बायका रजई शिवायला बसल्या होत्या. नियोमा दोरा ओवता ओवताच कलंडली. दुकानात फोन आला आणि ओरव्हिल होता तसा निघाला. होता तसा म्हणजे दोन्ही खिसे भरलेले.

त्यांची मुलगी डार्ला टल्साहून गाडी हाकत आली, तोवर नियोमाला खाली शवागारात नेलं होतं. डार्लाने बापाला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यातच विचारलं, "बाबा, तुम्ही होतात ना तिच्याजवळ? शेवटी?"

"दारात अडवलं मला," ओरव्हिल म्हणाला. "खिशात पिस्तूल होतं म्हणून."

यातला शब्दही खोटा नव्हता. उरलेलं डार्लाने स्वतःच जुळवलं आणि त्याने ते जुळवू दिलं.

दफन झालं. चर्चच्या बायकांनी झाकून आणलेल्या पदार्थांनी फ्रीज भरला. हॅमचे तुकडे आणि घेवड्याची भाजी ताटात वाढून घेत पुरुष एकमेकांना सांगू लागले, की काय दिवस आलेत. परवाना असलेला सज्जन माणूस, बायको वर शेवटच्या घटका मोजतेय, आणि दारातला एक पगारी नोकर त्याला अडवतो. बक तर म्हणाला, की अशा माणसाला या जिल्ह्यात गवत कापायचंही काम मिळता कामा नये. ओरव्हिल ताटाकडे बघत चावत राहिला. गप्प राहणं सोपं होतं. दुःखात माणूस गप्पच असतो, असं सगळे धरून चालले होते.

डार्लाने इस्पितळात तक्रार केली. पहारेकऱ्याला दारावरून काढून तळघरात मळक्या चादरींच्या गाड्या ढकलायला लावलं. गुरुवारी इस्पितळाची माणसं सगळ्यांचं म्हणणं ऐकून त्याच्या नोकरीचं काय ते ठरवणार होती. डार्ला म्हणाली, तुम्ही फक्त एवढंच सांगा, की त्याने तुम्हाला अडवलं. बाकीचं मी बोलते. तिचे डोळे सुजलेले होते, पण आईच्या मरणानंतर तिला पहिल्यांदाच हाताला काही काम लागलं होतं. ते ओरव्हिलला दिसत होतं, आणि म्हणूनच तोंडातून शब्द निघेना.

मंगळवारी तो पहारेकरी दुकानात आला. साध्या कपड्यांत होता म्हणून ओरव्हिलने त्याला लगेच ओळखलं नाही. काउंटरपाशी येऊन त्याने टोपी काढली.

"मी डस्टिन मेबरी. दारावरचा."

बक मागच्या खोलीत होता. ओरव्हिलने आधी त्या दाराकडे बघितलं, आणि आपण तिकडे बघितलं याची त्याला लाज वाटली.

डस्टिन भांडायला आला नव्हता. त्याची बायको पेट्रोलपंपावर एकटीच असते, तिला पर्समध्ये मावेल असं काही हवं होतं. आणि सासरा म्हणाला होता, की टॅकेटला विचार. "तुम्ही दाखवणार नसाल तर मी जातो," तो म्हणाला. "राग मानणार नाही."

ओरव्हिलने काउंटरवर हिरवं कापड अंथरलं. एक पोलादी आणि एक प्लास्टिकच्या अंगाचं, दोन्ही रिकामी करून, उघडी दाखवून, शेजारी शेजारी ठेवली. हात आपापलं काम करू लागले. त्याने विचारलं, बायकोचे हात केवढे आहेत, मनगटात जोर आहे का. सांगितलं, की नुसतंच पर्समध्ये टाकायचं नाही, चाप झाकणारं कव्हर हवंच, आणि त्या कप्प्यात किल्ल्या, लिपस्टिक काही नको. पोलादी उचलून म्हणाला, हे झटका कमी देतं, पण पर्सचा पट्टा खांद्यात रुततो. मग त्याने दुसरं उचललं.

"हे हलकं आहे," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याने या काउंटरवर शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, की हे खिशात आहे हेच तुम्ही विसरून जाल. ते वाक्य जिभेपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. त्याने पिस्तूल परत कापडावर ठेवलं.

डस्टिनने त्याच्याकडे बघायचं टाळलं. कापडाची कड सरळ करत तो म्हणाला, "मी खणाचं कुणाला बोललेलो नाही, मिस्टर टॅकेट. दुसऱ्या खेपेचंही नाही."

"का?"

"तुमची लेक माझ्यासमोर उभी राहून रडत होती. तिला काय सांगू? तुझ्या बापाने दोनदा नाही म्हटलं, असं?" तो थांबला. "माझा बाप असता तर त्यानेही खणात टाकलं नसतं. रात्री झोपलो की मला वाटतं, आपण सोडायला हवं होतं तुम्हाला. काय झालं असतं?"

"तुझी नोकरी गेली असती."

"ती तर तशीही चाललीय," डस्टिन म्हणाला आणि हसला. त्या हसण्यात टोचणी नव्हती. असती तर ओरव्हिलला बरं वाटलं असतं.

त्याने डस्टिनला पोलादी घ्यायला सांगितलं. वजन जाणवलेलं बरं, एवढंच म्हणाला.

गुरुवारी एका लांब टेबलाभोवती इस्पितळाची माणसं बसली होती. डस्टिन भिंतीशी, मांडीवर टोपी घेऊन. डार्ला चांगलं बोलली. आईचं नाव घेताना तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. मग टेबलामागच्या बाईने ओरव्हिलला विचारलं, की या माणसाने तुम्हाला अडवलं का.

"चौकटीने अडवलं," ओरव्हिल म्हणाला. "याने खण उघडून दिला. मी नाही म्हटलं. गाडीपर्यंत गेलो, आलो, तर दुसऱ्या खिशातही होतं. दोन घेऊन फिरत होतो, कुठलं बरं ते बघायला. याने पुन्हा खण उघडला, वर वाट बघताहेत म्हणून सांगितलं. मी पुन्हा नाही म्हटलं. याच्या जागी मी असतो तर एवढ्या गोडीने बोललो नसतो. याला याच्या दारावर परत ठेवा."

टेबलामागे कुणीतरी घसा खाकरला. डार्लाने मान वळवली नाही. ती समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर ती पायऱ्यांवर थांबली. दुपारचं ऊन होतं आणि गाड्यांच्या टपांवरून झळा निघत होत्या.

"गाडी कुठं होती?" तिने विचारलं.

त्याने पिकॅनच्या झाडांकडे हात केला. पायऱ्यांपासून झाडांपर्यंत आणि झाडांपासून पायऱ्यांपर्यंत तिची नजर गेली आणि आली, मग पुन्हा गेली आणि आली.

"ती विचारत होती तुम्हाला," ती म्हणाली. "नर्सने सांगितलं मला. ओरव्हिल आला का, आला का, असं. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, बाबांना सोसायचं नाही."

ओरव्हिलने मान हलवली.

"तुम्ही मला त्याच दिवशी सांगितलं असतं ना, तर मी रागावले असते आणि तुमच्याजवळच बसले असते," डार्ला म्हणाली. "आता कुठं बसू?"

ती स्वतःच्या गाडीत बसली, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि टल्साच्या रस्त्याला लागली.

डस्टिन परत दारावर आला. बक आठवडाभर ओरव्हिलशी तुटक बोलला. गावासमोर आपल्याला तोंडघशी पाडलं, असं त्याला वाटत होतं. मग तोही नेहमीसारखा झाला. ओरव्हिल अजून काउंटरवर उभा राहतो. लोक विचारतात, तो कापड अंथरतो, दोन्ही पिस्तुलं शेजारी ठेवतो, झटक्याचं, वजनाचं, कव्हरचं सांगतो. कुठलं घ्यावं ते मात्र आता सांगत नाही. तुमचं तुम्ही बघा, म्हणतो. स्वतःच्या खिशात आता रुमाल असतो. बसताना तो अजूनही एका कुशीवर कलून बसतो, जणू काही टोचणार आहे.

रविवारी चर्च सुटल्यावर तो दफनभूमीत जातो. माती बसली आहे, गवत धरू लागलं आहे. डोक्याशी दफनाच्या दिवशी रोवलेली पत्र्याची पाटी आहे, तिच्यावर नियोमाचं नाव छापलेला कागद चिकटवलेला आहे, आणि त्याचा एक कोपरा उन्हाने उचलला गेला आहे. थडग्याचा दगड कसा हवा, त्यावर काय कोरायचं, हे त्याने आणि डार्लाने मिळून ठरवायचं आहे. डार्लाचा फोन आलेला नाही. त्यानेही केलेला नाही. दगड अजून बसवायचा राहिला आहे.