क्षमा मागायला आलेली भाची

चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे खांब म्हणायचे. तोंडावर खांबमामा, पाठीमागे नुसतं खांब. रविवारी चर्चचं कुलूप उघडायला मामा, बाकं पुसायला मामा, आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थनेला मामा, आणि कुणी वारलं तर कबर खणायलाही मामाच पुढं. प्रभुभोजनाची, उपासनेत सगळ्यांनी वाटून खायची भाकर त्यांच्याच बेकरीतून यायची. आता माणूस एवढं कशासाठी करतो? एक तर देवावर प्रेम असतं म्हणून, नाहीतर मन खातं म्हणून. मामांचं मन खात होतं.

दोन वर्षांपूर्वी सुटीत त्यांची भाची बेकरीत मदतीला आली होती. पीठ मळायच्या यंत्रावर लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. पण पीठ टाकायचं तर ती दरवेळी उचला, पुन्हा बसवा. कामाच्या गर्दीत एवढे सोपस्कार कोण करतो? मामांनी ती काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. तिथं जाळी असायला हवी, हे पोरीच्या गावीही नव्हतं. कडेला चिकटलेलं पीठ खरवडायला तिनं हात घातला आणि यंत्रानं तो आत ओढून घेतला. मामा धावले. यंत्र बंद केलं, हात सोडवला. पोर बेशुद्ध पडली. मग त्यांनी जाळी उचलून जागेवर बसवली. आणि त्यानंतर लोकांना हाक मारली.

लोक आले, जाळी जागच्या जागी पाहिली आणि निकाल देऊन मोकळे झाले. पोरीनंच उचलली असणार, आगाऊपणा नडला! उजवा हात मनगटापासून गेला. पोर दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या आईनं विचारलं, "कशाला उचललीस गं जाळी?" जो येईल तो हेच विचारायला लागल्यावर, आपण ती उचलल्याचं पोरीला आठवायलाही लागलं. मामा तेव्हा खाटेशीच उभे होते. आज बोलू, उद्या बोलू म्हणता म्हणता तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच. मग सुरू झालं चर्चचं काम. फरशी इतकी घासायचे की चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणायचे, "अहो मामा, दगड झिजेल!" दगड झिजला असता एक वेळ. छातीवरचं ओझं गुंजभरही हललं नाही.

त्या मंडळीची एक रीत होती. पहिल्यांदा प्रभुभोजन घेणाऱ्यानं, ज्याचं ज्याचं आपल्या हातून वाईट झालं त्याच्या दारी जाऊन क्षमा मागायची, आणि रविवारी सगळ्यांसमोर आपलं पाप आपल्या तोंडानं सांगायचं. यंदा भाचीची पाळी होती. ती कुठलं पाप सांगणार, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. धीर गोळा करून ते पाळकांकडे गेले.

"पाळकसाहेब, एकाचं पाप दुसऱ्यानं उचललं तर?"

पाळक खुलले. "अहो, तेच तर शुभवर्तमान! आपलं पाप त्या निष्पाप प्रभूनं उचललं, म्हणून तर आपण जगतोय. काय सुंदर विचारलंत! रविवारच्या उपदेशात घेतो हे."

"पण उचलणाऱ्याला ते माहीत होतं ना?"

"पुरतं माहीत होतं. कुणी लादलं नाही त्याच्यावर, आपण होऊन घेतलं त्यानं. नाहीतर तो तारणारा कसला?" पाळकांनी प्रार्थनेला डोळे मिटले. मामांचे उघडेच राहिले.

मामा घरी परतायला निघाले. पोरीनं कुठं आपण होऊन घेतलं होतं? तिला विचारलं कुणी? क्रूसावर तो एक पुरेसा होता, आपण त्याच्या शेजारी पोरीलाही चढवलं, असं त्यांच्या मनात आलं.

शनिवारी दुपारी भाची बेकरीत आली. मामा रविवारच्या भाकरीचं पीठ हातानं मळत होते.

"मामा, सगळ्यांकडे जाऊन आले. तुम्ही शेवटचे."

"माझ्याकडे कशाला, बाळ?"

"पोरीला यंत्रापाशी जाऊच कसं दिलं म्हणून, माझ्यामुळे लोक तुम्हाला नाही नाही ते बोलले. पण तुम्ही एका शब्दानं रागावला नाहीत मला. क्षमा करा, मामा." आणि सवयीनं ती हात जोडायला गेली.

मामांनी पिठातून हात काढले. "जाळी तू उचलली नाहीस," ते म्हणाले. "ती आधीच काढलेली होती. मी काढली होती. तू पडल्यावर मीच परत बसवली."

"पण मला आठवतं ना उचललेलं."

"आम्ही सगळ्यांनी मिळून ते तुझ्या डोक्यात भरवलं, पोरी."

ती पिठाच्या पोत्यावर बसली.

"मी रोज क्षमा मागायचे देवाजवळ," ती म्हणाली. "आणि मिळाल्यासारखं कधी वाटायचंच नाही. इतरांना मिळते, मग मलाच का नाही? वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट असेल."

"मला क्षमा कर."

"उद्या प्रभुभोजन. मनात अढी ठेवून ते घ्यायचं नसतं, तुम्हीच शिकवलंत. आता मी काय करू, सांगा ना!"

ती उठून गेली.

रविवारी पाळकांनी तिला पुढं बोलावलं. ती जागची हलली नाही. बाकांवर कुजबुज सुरू झाली. शेजारी बसलेल्या तिच्या आईनं, म्हणजे मामांच्या ताईनं, तिला कोपरानं ढोसलं. "ऊठ की! हात घालवलास, आता अब्रूही घालव माझी!" पोरीनं खाली मान घातली. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. आज तिला सगळं माहीत होतं, आणि तरीही ती मामांचं पाप अंगावर घेऊन गप्प बसली होती.

हे मात्र मामांना सोसवलं नाही. ते मंडळीच्या पंचांसाठी पुढं ठेवलेल्या खुर्चीवरून उठले आणि सगळं सांगून टाकलं. जाळी काढली ते सांगितलं, परत बसवली तेही सांगितलं. ताईनं भावाकडे पाहिलंही नाही. ती मुलीपुढं गुडघ्यांवर कोसळली, तो थोटा हात छातीशी धरून तिनं हंबरडा फोडला, "मीच विचारलं गं तुला, कशाला उचललीस म्हणून! मीच!"

मुलीनं आईच्या डोक्यावरून मामांकडे पाहिलं.

"क्षमा केली असं आज म्हणणार नाही मी, मामा. खोटं होईल ते. उद्या घरी या. परवाही या. ज्या दिवशी म्हणता येईल, त्या दिवशी म्हणेन. कदाचित नाहीच येणार म्हणता. तरी या."