काळ्या टोकाच्या कांड्या

योरिको शेडमध्ये गेली होती ती लोणच्यावर ठेवायचा दगड शोधायला. कोबी चिरून, मीठ लावून तयार होता आणि दगडाचा पत्ता नव्हता. मासेमारी सोडून घरी बसलेल्या सासऱ्यांच्या जुन्या जाळ्यांचा ढीग तिने बाजूला सारला, तर खाली चहाचा एक पत्र्याचा डबा लागला. उघडून बघते तर आत सिगारेटच्या आखूड कांड्या.

तिने एक उचलली आणि हातातच धरून राहिली. कांडीचं टोक काळं पडलं होतं. नखाएवढा भाग काळा, आणि त्यापुढे कागद पांढराशुभ्र, जणू आगीला कुणी दटावून तिथेच थांबवलं होतं. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या तशाच.

ही खूण दुसऱ्या कुणाला कळली नसती. योरिकोला कळली, कारण फुजी शहरातल्या कागद गिरणीत तिचं कामच ते होतं. यंत्रात घालून नुसत्या तापवायच्या ज्या सिगारेटी निघाल्यात, त्यांच्यावर गुंडाळायचा कागद तिची गिरणी बनवायची. जन्मभर काडी ओढून सिगारेट पेटवलेला माणूस सवयीने हिलाही लायटर लावतो. म्हणून तो कागद असा हवा, की काळा पडेल पण पेट घेणार नाही. योरिको दिवसभर नमुन्यांना ज्योत लावायची, काढायची, बघायची.

आणि त्याच आठवड्यात गिरणीतून नव्या कागदाचं एक खोकं नाहीसं झालं होतं. छोटी गुंडाळी आणि तिच्यापासून वळलेल्या काही कांड्या. मॅनेजर उशियामांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण बाहेरचा माणूस त्या खोलीत येऊ शकत नाही. घरभेदी असेल तर तो आपल्यातलाच."

तेव्हा तिने मान डोलावली होती. आता शेडमध्ये उभ्या उभ्या तिने प्रत्येक कांडी पुन्हा उलटून पाहिली. नवरा तोमोहारू असल्याच सिगारेटी ओढायचा, पण यंत्रात घातलेल्या कांडीचं टोक असं काळं होत नाही. म्हणजे कुणीतरी इथे बसून ज्योत लावून कागद तपासला होता. कुणी? तोमोहारू ट्रक चालवायचा, आणि त्याची कंपनी माल वाहायची नदीपलीकडच्या दुसऱ्या गिरणीचा. तीही असाच कागद काढायच्या खटपटीत होती, हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. परवाच जेवताना त्याने विचारलं होतं, "काय गं, असं घालता तरी काय तुम्ही त्या कागदात?" ती हसून म्हणाली होती, "मीठ."

कांड्यांची तोंडाकडची बाजू चावून चावून चोथा झाली होती, छापलेलं नाव वाचता येत नव्हतं. कागद तपासणारा माणूस कांडी कशाला चावेल? हा प्रश्न तिच्या मनात आला, पण तिने तो आत घेतला नाही. संशयाला एकदा घरात पाट दिला की तो दुसऱ्या कुणाला बसू देत नाही.

डबा होता तिथे ठेवून ती नवऱ्यावर डोळा ठेवू लागली. फोन वाजला की तोमोहारू अंगणात जायचा. पूर्वी जायचा का? तिला आठवेना. एकदा ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी नळ बंद करून उभी राहिली. तो हळू आवाजात बोलत होता, "नाही, बायकोला अजून काही सांगितलेलं नाही... हो, हो. तुम्ही आधी एकदा बघा, मग ठरवू." आत आला तेव्हा तिने विचारलं, "कोण होतं?"

"कामाचं होतं."

"आज तर तुझी रजा आहे ना?"

"ट्रकला कुठे सुट्टी असते?" तो म्हणाला, पण तिच्या नजरेला नजर न देता.

तोही आपल्याकडे बघतोय, असं तिला वाटायचं. ती कामावरून आली की तो जवळ येऊन हुंगायचा. एकदा त्याने तिच्या कोटाचा खिसा चाचपला. "किल्ली शोधत होतो," म्हणाला. किल्ली तर खुंटीवर होती. खिशात काही ठेवत होता की काय? आपल्यालाच अडकवणार हा?

रविवारी दुपारी तिच्याच्याने राहवेना. तोमोहारू नूडल्सचा वाडगा घेऊन बसला होता. तिने डबा आणून त्याच्यापुढे आदळला.

"कुणासाठी करतोस हे?"

त्याने झाकण काढलं. बघितलं. मग भुवया वर गेल्या. "मी? अगं, हे मीच तुला विचारणार होतो! माझ्या पाकिटातून कांड्या कमी होतायत. मला वाटलं, चोरून ओढायला लागलीस."

"मी? म्हणून कुत्र्यासारखं हुंगत होतास मला?"

"मग काय करणार? विचारलं असतं तर अंगावर आली असतीस. आत्ता आलीच आहेस."

"आणि ते फोन? बायकोला सांगितलं नाही म्हणे!"

तोमोहारूने वाडगा बाजूला सरकवला. "ते नगरपालिकेच्या वृद्धसेवेचं ऑफिस," तो म्हणाला. "बाबांबद्दल. मागे बंदरावर लोकांना विचारत होते, आई कुठे राहिली म्हणून. आईला जाऊन वर्षं झाली. तुला सांगितलं असतं तर तू नोकरी सोडायचं म्हणाली असतीस. मला ते नको होतं."

दोघांनी एकाच वेळी परसाच्या दाराकडे पाहिलं.

सासरे, तोकुजी, शेडच्या दारात उन्हाला उलट्या बादलीवर बसले होते. दातांत कांडी, हातात लायटर. जन्मभर तागोनोउराच्या बंदरातून शिरासूची बारीक मासळी धरायला नाव घातलेला माणूस. सवयीने दुसऱ्या हाताचा आडोसा केला होता. गेल्या हिवाळ्यात सिगारेटीने चटई जाळल्यावर त्यांची पाकिटं बंद केली होती. ते ज्योत लावत होते, ओढत होते, काढून बघत होते, पुन्हा लावत होते.

पोराला पाहून ते भडकले. "आलास? ओल्या करून ठेवतोस काय रे मुद्दाम? भर समुद्रात, लाटा डोक्यावरून जात असताना पेटवलीये मी सिगारेट! आणि ही पेटत नाही? बापाला फसवतोस?"

"बाबा, ही पेटवायची नसते. यंत्रात घालायची—"

"सिगारेट पेटवायची नसते म्हणे! सूनबाई, ऐकतेस ना हा काय बोलतो ते?"

योरिकोने बघितलं. त्यांच्या पायाशी वाळलेल्या जाळ्यांचा ढीग होता, बाजूला रॉकेलचा डबा. ती खाली बसली आणि त्यांच्या हातातून लायटर अलगद काढून घेऊ लागली. त्यांनी मूठ आवळली. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

गिरणीतलं खोकं सापडलं नाही ते नाहीच. रद्दीबरोबर ते लगद्याच्या टाकीत गेल्याचं मात्र पुढच्या आठवड्यात कळलं. टाकायला नेणाऱ्यानेच कबूल केलं. उशियामांनी सगळ्यांपुढे कमरेत वाकून माफी मागितली. योरिकोही वाकली, पण त्या रात्री नवऱ्याची तिला नीट माफीही मागता आली नाही. "मी तुला चोर समजत होते," एवढंच ती म्हणाली. "मी पण," तो म्हणाला, आणि कूस बदलली.

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं. घरातले लायटर गेले, गॅस जाऊन विजेची शेगडी आली, शेडला कुलूप लागलं. तोकुजींना हे आवडलं नाही. ते भिंतीला धरून योरिकोच्या मागे मागे फिरू लागले. ती कपाट उघडायची, की दाराआडून बघायचे.

एका संध्याकाळी वाळलेले कपडे काढताना तिला कुंपणापलीकडून त्यांचा आवाज आला. शेजारच्या मासुदाबाईंना ते सांगत होते, "माझी सून वस्तू चोरते. माझा लायटर नेला, शेगडी नेली. वरून गोड बोलते. लक्ष ठेवा तिच्यावर."

मासुदाबाई काहीतरी पुटपुटल्या. योरिकोच्या ओठांवर आलं होतं, की बाबा, खोटं का सांगता. पण मग तिला नवऱ्याशेजारी जागून काढलेला तो आठवडा आठवला. तिला तर काही आजार नव्हता.

ती कुंपणाला वळसा घालून गेली. "बाबा, वारा सुटलाय. आत चला."

त्यांनी आधी खिशावर हात दाबून धरला. तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग दुसरा हात तिच्या खांद्यावर टेकून उठले.