उंदीर उठला की

"हा क्लास आहे की उंदरांचं पाळणाघर?"

पडद्यापलीकडून आलेला हा प्रश्न कुणाला उद्देशून नव्हता. ताईचं हल्लीचं बोलणं म्हणजे उशीत तोंड खुपसून केलेली कुरकुरच. पण खोली एवढीशी, मध्ये आडोसा काय तो पडद्याचा, त्यामुळे ती कुरकुर अलीकडे जमिनीवर बसलेल्या धाकटीच्या थेट कानात शिरली. धाकटी राखाडी फेल्टच्या उंदराला कान शिवत होती. तोंडात दोन टाचण्या होत्या म्हणून गप्प बसली, नाहीतर तिचं तोंड काही तिने कुणाला भाड्याने दिलेलं नव्हतं.

"काल कोळी, आज उंदीर," पडदा पुढे म्हणाला. "आमच्या वेळी व्हायोलिनचा गज नीट धरला नाही की हातावर पट्टी बसायची."

धाकटीने टाचण्या काढल्या. "पट्टी माझ्याकडेही आहे, ताई. बुटांच्या खोक्याला चिकटवलीय. व्हायोलिनची मान म्हणून छान चालते."

आतून खाट करकरली आणि लगेच स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "हळू गं, पाठ सांभाळ!"

सायकलच्या दुकानावरची ती जागा. पुढच्या खोलीत धाकटी चार ते सात वर्षांच्या पोरांना व्हायोलिन शिकवायची, आणि तिथे पहिल्यांदा येणाऱ्या पालकाला आपण चुकून दुसऱ्याच दारात शिरलो असं वाटायचं. भिंतीला बुटांच्या खोक्यांची व्हायोलिनं टांगलेली. ज्याने आपलं खोकं न आपटता, न चेपता, बाळासारखं सांभाळलं त्यालाच खरं वाद्य मिळायचं. जमिनीवर पुठ्ठ्याची पावलं, ज्याच्या त्याच्या मापाची. पाऊल पुठ्ठ्यावरून हललं की तो मगरींच्या तोंडी गेला. डोक्यावर तांदळाची पुरचुंडी, मान ताठ राहावी म्हणून. कोपर खांद्यामागे पळू नये म्हणून गज पुठ्ठ्याच्या नळीतून ओवायचा, ती आगगाडी आणि तो बोगदा. एखादी ओळ किती वेळा वाजवायची हे टीचर सांगत नसत, फासा सांगायचा. त्यामुळे जास्त दान पडलं की पोरं आनंदाने ओरडत आणि आया दारात उभ्या राहून चक्रावत. घरी हीच पोरं दुसऱ्यांदा वाजव म्हटलं की टेबलाखाली जात.

उंदीर मात्र मुद्दाम ठरवून आला नव्हता. तो आला 'बटण'मुळे. बटण म्हणजे वर्गातली सगळ्यात बुटकी मुलगी, नाक शर्टाच्या बटणाएवढं आणि जीभ त्या मानाने फारच मोठी. पहिल्यांदा चार लोकांसमोर वाजवायला उभी राहिली तर हिचा गज तारेवर थडथडायला लागला. तिने वाद्य खाली ठेवलं, टेबलाखाली जाऊन बसली आणि तिथून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मला भीती वाटतेय. हात ऐकत नाहीये."

धाकटीही मग टेबलाखाली शिरली. ओणवं बसून तिने विचार केला आणि जे सुचलं ते बोलून टाकलं. गजाच्या टोकावर एक उंदीर झोपलेला असतो. गज सरळ, सावकाश ओढला की तो झोपून राहतो. पण कधीकधी उठतो. उठला तर त्याला रागवायचं नाही, दाबून धरायचं नाही. उठला की पळू द्यायचं! गजाच्या टोकाने भराभरा, इवले इवले, पुढे-मागे, पुढे-मागे, त्याला हवं तेवढं. पळून पळून दमला की आपोआप झोपतो.

"एकटाच पळतो?" बटणने विचारलं होतं.

"छे. एक उठला की सगळे उठतात. सगळ्यांनी पळायचं."

हा वर्गाचा नियम झाला, आणि धाकटीने शिवलेला एकेक उंदीर प्रत्येकाच्या गजावर जाऊन बसला. शेपूट दोऱ्याची. शेपूट हलली की उंदीर उठला.

पडद्यामागची ताई हा सगळा गोंधळ रोज ऐकत होती. ताई मोठ्या वाद्यवृंदात वाजवायची. घरात तिचा फोटो होता, काळ्या कपड्यांत, हनुवटीखाली व्हायोलिन. गेल्या हिवाळ्यापासून ती इथे होती. "पाठ धरलीय," असं आईने सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी पाठीलाच धरून ठेवलं. शेजारीण तेल घेऊन आली. काकांनी कडक गादीचा पत्ता दिला. आईने लोकरीची एक उशी विणली आणि ताई जिथे टेकेल तिथे ती उशी तिच्या आधी पोचू लागली.

धाकटीने ताईचा त्या हिवाळ्यातला शेवटचा कार्यक्रम त्या रात्री समोर बसून ऐकला होता. सगळं सभागृह चिडीचूप, आणि ताईचा एकच लांब, हळू सूर. तो मध्येच थरथरला. गज तारेवर दोनदा उडाला. फार कुणाला कळलंही नसेल, पण ताईने गज खाली घेतला आणि परत वर उचललाच नाही. हे बघूनही दुसऱ्या दिवशी धाकटीनेच विचारलं होतं, "पाठ कशी आहे?" आणि त्याची तिला आजवर लाज वाटत होती. पण एकदा घरात पाठ म्हणायचं ठरलं की ती पाठच. विषय काढायचा कुणी आणि कसा?

आता तर वेळही उरला नव्हता. ताईने आपलं व्हायोलिन वाद्यवृंदातल्या जुन्या सहकाऱ्याला द्यायचं कबूल केलं होतं. "पडून राहण्यापेक्षा वाजेल तरी," एवढंच म्हणाली. तो आजच वाचनालयात होणाऱ्या क्लासच्या मुलांच्या कार्यक्रमाला यायचा होता आणि जाताना ते घेऊन जायचा होता. व्हायोलिनची पेटी सकाळपासून दाराशी उभी होती, गावाला निघालेल्या पाहुण्यासारखी.

दुपारी कार्यक्रमात साथ करणाऱ्या पियानोवाल्या काकांच्या बायकोचा फोन आला. काकांचं बोट गाडीच्या दारात सापडलं होतं.

"किती सुजलंय?" धाकटीने विचारलं.

"वांग्याएवढं," बायको म्हणाली. "कारण नसताना गाडी धुवायला गेले होते."

धाकटीने फोन ठेवला. पोरं आपापली वाजवतील, पण खालून आधाराचा एक सूर सतत लागला नाही तर त्यांचे सूर चढत चढत छपरावर जातील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोरं तर जमायलाही लागली होती. पुठ्ठ्याची पावलं काखेत मारून ती खोलीभर नाचत होती.

"ताई," ती पडद्याशी जाऊन म्हणाली, "एक मोकळी तार फक्त. डाव्या हाताला कामच नाही. एकच सूर, लांब, हळू..."

बोलता बोलताच तिला कळलं आपण काय मागतोय ते.

"तिची पाठ आहे ना!" आई उशीसकट धावत आली.

"पाठ आहे ना माझी," ताईही म्हणाली.

बटणने पडदा बाजूला करून आत डोकं घातलं. "पाठ सगळ्यांनाच असते. खुर्चीवर बसून वाजवा. मोकळी तार तर मला पण येते."

"बटण!" धाकटी ओरडली.

पण ताई हसली. तिला हसू आलं याचं तिलाच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तुला येते?"

"हो. बोट पण नाही ठेवायचं. फक्त उंदीर सांभाळायचा."

ताईने दाराशी ठेवलेल्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "जाता जाता एकदा वाजवते. घेणाऱ्यालाही ऐकता येईल आवाज कसा आहे तो."

वाचनालयाच्या तळघरात कार्यक्रम होता. पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवलेली, घडीच्या खुर्च्या, पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरलेले बाप आणि त्यांच्या मागे "खाली घ्या हो तो हात!" म्हणणाऱ्या आज्या. ताईचा सहकारी सगळ्यात मागे, दाराजवळ उभा होता. आईने स्टेजवरच्या खुर्चीत उशी ठेवली, दोनदा थापटली आणि पहिल्या रांगेत येऊन बसली.

मुलं आपापल्या पावलांवर उभी राहिली. मागे सगळ्यात लहान, खोकीवाली. त्यांच्या खोक्यांतून सूर निघत नव्हता, पण हातातल्या काठ्या ती अशा थाटात धरून होती की बाकीच्यांनी लाजावं. पुढे खरी व्हायोलिनं, आणि ताईच्या अगदी कोपराशी बटण.

धाकटीने हात वर केला. आधी फक्त आधाराचा सूर, मग पोरांची धून, असं ठरलं होतं.

ताईने गज तारेवर ठेवला. सूर निघाला, खोल, स्वच्छ. धाकटीचा जीव भांड्यात पडतोय तोच गजाच्या मध्यावर तो थडथडला. एकदा. पुन्हा. त्या शांततेत तो आवाज दार वाजवल्यासारखा ऐकू आला. ताईचा चेहरा पांढरा पडला. धाकटीने तिची बोटं आवळलेली पाहिली, मनगट आखडलेलं पाहिलं, गज तारेवरून सुटू लागलेला पाहिला. तिचा स्वतःचा हात मात्र हवेतच राहिला. काही केल्या खाली येईना.

"उंदीर उठला!"

कुजबूज म्हणून केलेली ती आरोळी शेवटच्या रांगेपर्यंत गेली. बटणने व्हायोलिन हनुवटीखाली सारलं आणि गजाच्या टोकाने भराभरा सुरू केलं, पुढे-मागे, पुढे-मागे, शेपूट नुसती उडतेय.

नियम म्हणजे नियम. शेजारचा सुरू झाला. त्याच्या शेजारची जुळी सुरू झाली. एकाची पुरचुंडी डोक्यावरून पडली, फाटली आणि तांदूळ स्टेजभर झाले, तरी त्याने पाऊल हलवलं नाही. मागची खोकीवाली तर या संधीची जन्मापासून वाट बघत होती. काठ्या खोक्यांवर खसाखसा घासल्या जाऊ लागल्या आणि सगळं तळघर सळसळायला लागलं. ताईची थरथर त्यात कुठे गेली, शोधूनही सापडेना.

बटणने मान वाकडी करून वर पाहिलं. "पळू द्या ना! दाबून नका धरू!"

ताईने बोटं सैल सोडली.

आणि मग जे निघालं ते पोरांच्या हातून निघणारं नव्हतं. ताईचा गज तारेवर असा धावला की खालून जमीन घुमल्यासारखी वाटली. तिचा आवाज वाढला तशी पोरं वाढली, पोरं वाढली तशी ती आणखी वाढली. कपाटांच्या काचा झिणझिणू लागल्या. बापांचे मोबाइल आपोआप खाली आले. कुणाच्या तरी आजीने छातीशी हात धरला आणि "अगं बाई गं!" म्हणाली. धाकटीला आता कळलं की आपला हात अजून वरच आहे. मग तिने तो लाजून काढून घेतला नाही, आणखी वर नेला. होऊ दे की काय व्हायचं ते!

"दमला," बटण म्हणाली.

मुलं हळू झाली. एकेकाची शेपूट थांबली. खोकी थांबली. सगळं शांत झालं आणि त्या शांततेत ताईचा एकटीचा सूर उरला. गज टोकापर्यंत गेला, वळला आणि परत आला. कुठे खोट नाही, कुठे खाच नाही. पट्टी ठेवून रेघ मारावी तसा सरळ.

त्या सुरावर पोरांनी आपली धून वाजवली. कुणी छपरावर गेलं नाही.

टाळ्या संपेनात. खोकीवाल्यांनी इतक्या वेळा वाकून नमस्कार केला की एक जण तोल जाऊन मगरींच्या तोंडी गेला. ताई खुर्चीतून उठली तेव्हा बटणने आपल्या गजावरचा उंदीर काढला आणि चवड्यांवर उभं राहून ताईच्या गजाच्या टोकावर चढवला. "तुमचा ठेवा. मला टीचर दुसरा शिवतील. त्यांना दुसरं काय काम असतं?"

सहकारी वाट काढत स्टेजपाशी आला. त्याचे डोळे पाणावले होते. "ही कल्पना कुणाची? सुरुवातीची ती थरथर..." तो म्हणाला, मग थांबला. तोही त्या रात्री शेजारच्याच खुर्चीवर होता. त्याने तळघराच्या दाराशी आणून ठेवलेल्या पेटीकडे पाहिलं. "मग... हे घेऊ ना? म्हणजे, ठरलंय तसं?"

ताईने व्हायोलिन काखेत धरलं, हरवलेलं मूल जत्रेत सापडावं आणि मग कुणी उगाच उचलायला यावं, तसं. "पेटी घे," ती म्हणाली. "घरापर्यंत उचलून दे. वाद्य मी नेते. आणि माझी खुर्ची कुणाला दिली असेल तर त्याला म्हणावं, फार ऐसपैस बसू नकोस."

तो मोठ्याने हसला आणि पेटी आणायला जवळजवळ पळालाच.

धाकटी गुडघ्यांवर बसून तांदूळ गोळा करत होती. डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं, तरी करत होती. बाजूने आईच्या चपला आल्या. आईने खुर्चीतली उशी उचलली, झटकली आणि ताईच्या कमरेशी धरली.

"बस गं जरा. इतका वेळ ताठ बसलीस. पाठ भरून आली असेल."

ताईने ती उशी आईच्या हातातून घेतली, हळूच, आणि खुर्चीवर परत ठेवली. मग तिने खाली बसलेल्या धाकटीकडे पाहिलं. धाकटीच्या मुठीतले तांदूळ मुठीतच राहिले.

"आई," ताई म्हणाली, "माझी पाठ कधीच दुखत नव्हती. मला भीती वाटत होती."