सुभद्रेची डावी चप्पल

"हे काय कोंबून ठेवलं भाऊ पाट्यात? हे बुश नाई!"

पिकअपच्या पोटाखालून देवराव मिस्त्रीचा आवाज आला आणि मी दोन पावलं मागे सरकलो. गंजलेला बोल्ट दोन तास हलत नव्हता. देवरावने त्याला रॉकेल पाजलं, घण घातले, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मेला सुटला नसता तर किती बरं झालं असतं!

शेजारी स्टुलावर आमची मंडळी, सुभद्रा, बसली होती. अकोल्याच्या बाजारात फुलं देऊन परत येताना पातूरच्या अलीकडे तिने जाहीर केलं होतं, "पाट्याचे बुश बदलल्याबिगर मी या खटाऱ्यात बसनार नाई. हाडं खिळखिळी होऊन राहिली माही." हे काम मी सहा वर्षं टाळत होतो. पैशासाठी नव्हे हो, भीतीने.

देवरावने एक काळं, गुंडाळलेलं रबर तिच्यापुढे टाकलं. "चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा अन् बोल्टच्या मधात नळीवानी रबर रायते वयनी, त्याले बुश म्हनतात. हे तं कोनाची चप्पल कापून ठोकली!"

सुभद्रेने ते उलगडलं. आतली बाजू अजून निळी होती आणि तिच्यावर डागलेलं अक्षर स्वच्छ दिसत होतं, 'सु'. कार्यक्रमात चपला बदलून जातात म्हणून तापल्या दाभणाने नाव डागायची तिची जुनी खोड.

"आवो," ती म्हणाली.

आता सांगतोच. सहा वर्षांपूर्वी संक्रांतीचं हळदीकुंकू कौशल्यावहिनींकडे होतं. त्या आमच्या धुऱ्याशेजारच्या, म्हणजे बांधाला बांध लागून शेत असलेल्या, आणि सुभद्रेच्या माहेरगावच्या जिवाभावाच्या मैत्रीण. मी गाडीभर शेवंती घेऊन निघालो, तर नेमका त्यांच्याच दारापुढे बुशचा भुगा झाला. अंगणात चपलांचा ढीग पडलेला. दुसऱ्या कोणाची उचलली असती तर चोरी झाली असती. म्हणून इमानदारीत स्वतःच्या बायकोचीच उचलली. तीही एकच, लागत होती तेवढी.

तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. जोड गेला तर चोर, एक गेली तर करणी, असा माझ्या सासूबाईंचा सिद्धांत. त्यात त्याच आठवड्यात सुभद्रेचा पाय मुरगळला आणि तोही डावाच. झालं! ती भर गल्लीत कौशल्यावहिनींना म्हणाली, "तूच करनी केली." वहिनी भांडल्या नाहीत. "हा आळ उतरल तवाच पायात चप्पल घालीन," एवढं बोलून आत गेल्या. तेव्हापासून शेतात, बाजारात, पुतणीच्या लग्नात, वैशाखाच्या उन्हात ती बाई अनवाणी.

आणि मी? आज सांगू, उद्या सांगू. लाज वाटायची, खूप वाटायची. पण सुभद्रेची भीती लाजेहून मोठी होती.

नवे बुश बसले. गाडीची कुईकुई थांबली. गाव आल्यावर सुभद्रा म्हणाली, "कौशीच्या दारी घ्या."

आमच्या गाडीचा आवाज ऐकला की कौशल्यावहिनी उठून आत जायच्या. आज गाडीने वर्दीच दिली नाही, म्हणून त्या अंगणात फुलं निवडत बसलेल्याच सापडल्या. सुभद्रेने रबराचा तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"वाच."

"सु," वहिनींनी वाचलं.

"गाडीत होती. यायनं कापली." माझ्याकडे बोट दाखवता दाखवता सुभद्रेला हुंदका फुटला. "माह्यं चुकलं वं कौशी. लय चुकलं." तिने आपल्या पायातल्या चपला काढून त्यांच्यापुढे ठेवल्या.

वहिनींनी पाय घालून पाहिला. अर्धं पाऊल बाहेरच राहिलं.

"पाय पसरले बाई सहा वर्सात," त्या म्हणाल्या. "आता बायकायची चप्पल होत नाई मले."

त्यांच्या टाचांच्या भेगा मी पहिल्यांदा जवळून पाहिल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सुभद्रा माझ्याकडे वळली. "काढा."

"काय?"

"चपला. दोनी."

माझ्या नऊ नंबरच्या चपला वहिनींना बरोबर बसल्या. त्या उठल्या. अंगणात एक फेरी मारली, मग रस्त्यावर जाऊन चार घरांना ऐकू जाईल असे पाय आपटत चालून आल्या.

"बऱ्या आयेत भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "एखांदी कापाची असन तं आताच सांगा."

दोघी खो खो हसायला लागल्या. हसता हसता कौशल्यावहिनींनी पदराने डोळे पुसले आणि सुभद्रेचा हात धरून तिला आत नेलं. स्टो पेटल्याचा आवाज आला, कपांचा आला. मला कोणी बोलावलं नाही.

मी तापल्या मातीवर एक पाय टेकवत, दुसरा उचलत अंगणात उभा राहिलो. उंबऱ्याशी वहिनींनी काढून ठेवलेल्या माझ्या चपला समोरच होत्या. त्यांना हात लावायची माझी हिंमत झाली नाही.