चौथा अर्ज

“यंदा नाही,” सर म्हणाले आणि कोरा फॉर्म त्यांनी माझ्या टेबलावर परत सरकवला. “ताई, अकरा वर्षं झाली. आता पुरे. पुढच्या जूनमध्ये निवृत्त होतोय. ते कपाटही विभागाला देऊन टाकतो, बिचारे कधीचे मागतायत.”

मी हादरलेच. सरांची कीव आली म्हणून नव्हे हो. त्यांनी अर्ज केला नाही तर माझं काय होईल, म्हणून. कपाटाचं तर मी नीट ऐकलंसुद्धा नाही.

आमच्या कॉलेजात संशोधनासाठी संस्थेचा एक निधी आहे. दर वर्षी तिघांना मिळतो, प्राध्यापक असो की विद्यार्थी. अट एवढीच की अर्ज किमान चार आले पाहिजेत, म्हणजे निवड झाल्यासारखी दिसते. चार नाही आले तर त्या वर्षीचा निधी रद्द. तीन नावं प्राचार्यांनी आधीच ठरवलेली असतात. चौथा अर्ज आणायचं काम माझं, कारण त्या खात्याची क्लार्क मी. आणि चौथा अर्ज दर वर्षी मुंगीसरांचा.

मुंगीसर हे पोरांनी ठेवलेलं नाव. ते प्राणिशास्त्र शिकवतात. आवारात नवी इमारत उठली, फरश्या बसल्या, झाडं गेली, तसतशा कुठल्या मुंग्या नाहीशा झाल्या आणि कुठल्या नव्या आल्या, हे ते अकरा वर्षं बघत होते. महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी पालथे पडायचे आणि चिमट्याने मुंग्या उचलायचे. वरच्या मजल्यावरून पोरं हसायची. सातशेवर बाटल्या होत्या त्यांच्या कपाटात, बोटाएवढ्या. प्रत्येकीत स्पिरिट, स्पिरिटात मुंग्या, वर चिठ्ठी. त्यांना हवा होता फक्त कॅमेरा जोडलेला एक बरा मायक्रोस्कोप. सारख्या दिसणाऱ्या जाती त्याशिवाय वेगळ्या ओळखता येत नाहीत म्हणे, आणि त्या ओळखल्याशिवाय ते सगळं काम कोणी छापत नाही.

दर वर्षी निकाल लागला की ते माझ्यासमोर येऊन उभे राहायचे. “ताई, यंदा काय कमी पडलं?”

मी आपलं ठोकून द्यायचे. “समितीला जरा मोघम वाटलं, सर.” कधी, “फार लांबलं म्हणाले.” की हे बाबा गेले पुन्हा लिहायला. मोघम म्हटलं की तक्ते वाढवायचे, लांबलं म्हटलं की कापायचे. मला लाज वाटायची. पहिली तीन-चार वर्षं वाटायची, मग सवय झाली.

तो कोरा फॉर्म घेऊन मी प्राचार्यांकडे गेले.

“नाही म्हणाले म्हणजे?” त्यांनी मान वर केली नाही. “त्यांना नाही म्हणायचं काम समितीचं आहे.”

“साहेब, दुसऱ्या कोणाला विचारू का?”

“दुसरा कोणी खरंच निधी मागेल. तो मुंगीवाला बरा, नाही म्हटलं तरी पुढच्या वर्षी हजर.” मग त्यांनी समोरच्या कागदांतला एक वर काढला. “तुमच्या मुलीच्या फी-सवलतीचं पत्र आलंय सहीला. दुसरं वर्ष ना? ठेवून जा फॉर्म. सोमवारपर्यंत चार हवेत.”

सही न करता त्यांनी ते पत्र पुन्हा गठ्ठ्याखाली घातलं.

सोमवारपर्यंत चार झाले. गेल्या वर्षीचा सरांचा अर्ज मी फाइलमधून काढला, पहिलं पान नव्या तारखेने, दहाची अकरा वर्षं करून टाइप केलं आणि वर लावलं. सही शेवटच्या पानावर होती, ती तशीच राहिली. म्हटलं, नाकारलाच जाणार आहे, कोणाला कळतंय.

समितीत बाहेरचा एक सदस्य असावा लागतो. आजवरचे सगळे चहा प्यायचे, सही करायचे आणि गाडी कुठे लावलीय ते विचारायचे. यंदा विद्यापीठातून एक बाई आल्या. करड्या केसांच्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. त्यांनी अर्ज वाचून आणले होते. पेन्सिलीच्या खुणा केलेल्या बघून मी दाराजवळ सरकले.

“हे तीन काय आहेत ते मी बोलत नाही,” त्या प्राचार्यांना म्हणाल्या. “पण हा चौथा... अहो, अकरा वर्षं, दर महिन्याला, त्याच जागा. असं काम मोठमोठ्या संस्थांत होत नाही. आणि हा माणूस तुमच्याकडे नुसता मायक्रोस्कोप मागतोय? तुम्ही तर द्याच, पुढचं मी विद्यापीठातून बघते. नमुने आहेत ना इथे? बोलवा त्यांना. मला बघायचेत.”

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शिपायाला पाठवलं.

सर तास अर्धवट टाकून आले, बोटांना खडू तसाच. आपल्याला का बोलावलं याचा त्यांना पत्ताच नव्हता. बाई उठून उभ्या राहिल्या. सरांसाठी त्या खोलीत कोणी उठून उभं राहिलेलं मी तरी कधी बघितलं नव्हतं.

“सर, तुमचा अर्ज वाचला. फार मोलाचं काम आहे. चला, नमुने दाखवा मला.”

“अर्ज?”

प्राचार्यांपुढचा मूळ अर्ज बाईंनी सरांच्या पुढ्यात ठेवला. सरांनी पहिलं पान बघितलं. मग शेवटचं. मग माझ्याकडे. मी खाली बघत होते. आता हे म्हणणार, हा मी केलेला नाही. त्यांनी म्हणायलाच हवं होतं. मी गेले असते घरी, माझ्या पोरीचं व्हायचं ते झालं असतं.

“हो, माझाच आहे,” सर म्हणाले. “पण नमुने नाहीत.”

“नाहीत म्हणजे? कुठे ठेवलेत?”

“ओतून टाकले. गेल्या आठवड्यात. बेसिनमध्ये.” ते अगदी हळू बोलत होते. “कपाट रिकामं करून द्यायचं होतं. बाटल्या धुऊन रसायनशास्त्राला दिल्या. त्यांना लागतात.”

“सगळ्या?”

“सगळ्या. दोन दिवस लागले.”

बाई खाली बसल्या. मग त्यांचा आवाज चढला. “नमुने फेकून द्यायचे आणि वर त्यांच्यासाठी मायक्रोस्कोप मागायचा? ही काय थट्टा चालवलीय? मी दोन रात्री हे वाचत बसले होते.”

“चुकलं माझं,” सर म्हणाले.

“या वयात होतं असं,” प्राचार्य हसून म्हणाले आणि चौथ्या अर्जावर त्यांनी ‘नामंजूर’ लिहिलं. कागदपत्रं चोख झाली. चार अर्ज, तीन मंजूर. बाईंनी तोंड फिरवून सही केली. संध्याकाळी फी-सवलतीचं पत्र सही होऊन माझ्या टेबलावर आलं.

पण त्याआधी मी सरांच्या मागे धावले. जिन्यापाशी गाठलं.

“सर, मी... मला...”

“मुलगी पहिल्या बाकावर बसते तुमची,” ते म्हणाले. “प्रश्न चांगले विचारते. राहू द्या.”

मला रडू फुटलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना काही वेगळंच विचारायचं होतं.

“ताई, त्या बाई नक्की काय म्हणाल्या? मी यायच्या आधी?”

मी सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. मोठमोठ्या संस्थांत होत नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं.

“म्हणजे गेल्या वर्षीचं लिखाण बरं होतं,” ते म्हणाले. “मला आपलं वाटायचं, माझंच काहीतरी कमी पडतंय. आणि एकोणिसावं पान? जिन्याखालच्या मुंग्या फरशी बसवल्यावर गेल्या आणि चार वर्षांनी गच्चीवर निघाल्या, ते? सगळ्यात महत्त्वाचं ते आहे. ते वाचलं त्यांनी?”

सदस्यांना पहिली दहाच पानं पाठवायची, असा प्राचार्यांचा हुकूम आहे. झेरॉक्सचा खर्च वाचतो. पुढची नऊ-दहा पानं आजवर कोणीही वाचलेली नाहीत, मीसुद्धा नाही.

“वाचलं, सर,” मी म्हटलं. “त्यावर तर पेन्सिलीने खूण केली होती.”

“केली ना?” सर म्हणाले. त्यांनी खडूची बोटं रुमालाला पुसली आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. तास संपायला पाच मिनिटंही उरली नव्हती. तरी ते वर्गावर गेले.