चौथं शील

सापगावच्या बौद्धवाडीत लग्न कुणाचंही असो, माइक केरू हवालदाराच्याच हातात. पेन्शनीवर आल्यापासून तोच बौद्धाचार्य. पंचशील म्हणवून घेताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, तो हटकून थांबायचा आणि सुनावायचा, "फौजेत नि धम्मात खोटं चालत नाय!" ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते.

आणि बघा गंमत. २००२ साली त्याचा फौजेतला पोरगा रूपेश ट्रंक घेऊन दारात उभा. अकरा वर्षं नोकरी झालेली, पेन्शनीला चार बाकी, आणि पलटणीतून काढलेला. मुरबाडच्या नितीन मास्तरची पत्रं साहेबाच्या हाती लागली होती. साहेबानं विचारलं, हा कोण? रूपेश म्हणाला, माझं प्रेम आहे त्याच्यावर.

"अरे, दोस्त हाय म्हणायचं ना!" केरूनं कपाळ बडवून घेतलं.

"तुमीच शिकवलंत ना बाबा, खोटं नाय बोलायचं."

"म्हणून सगळीकडं खरं बोलत सुटायचं व्हय रे?"

आईनं, जानकीबाईनं, डोळे पुसले आणि पोराला जेवायला वाढलं. केरूनं काठी आणून दिली. बर्फात गुडघा गेला म्हणून घरी धाडला, असं वाडीला सांगायचं ठरलं. झालं! रूपेश लंगडायला लागला. सव्वीस जानेवारीला शाळेनं त्याच्या हातून झेंडा फडकवला, खर्डीहून दोन मुली सांगून आल्या. केरूची छाती अशी फुगली की त्याला स्वतःलाच तो गुडघा खरा वाटायला लागला. पोराचं तोंड रोज उतरत होतं. ते केरूला दिसत नव्हतं असं नाय, बघत नव्हता इतकंच.

मग वाडीतल्या गुणाच्या लेकीचं लग्न आलं. तिसऱ्या शीलाला, व्यभिचार न करण्याच्या, केरूनं डोळे वटारून पोराकडं बघितलं. चौथ्याला तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना. समोर रूपेश काठीवर रेलून उभा.

शेवटी रूपेशनंच ते शील म्हटलं, मोठ्यानं, एकट्यानं. काठी खुर्चीला टेकवली आणि ताठ चालत तो मुरबाडची एस.टी. धरायला फाट्याकडं निघाला.

"अरे, गुडघा बरा झाला की!" गुणा ओरडला. "पंचशीलाची ताकद बघा!" मांडवात टाळ्या पडल्या.

केरूची अब्रू आयतीच वाचली होती. नुसतं पाचवं शील म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"टाळ्या बंद करा," तो म्हणाला. "गुडघ्याला काय झालंच नव्हतं. खोटं मी बोललो. पोरगा खरं बोलला, म्हणून त्याला काढला."

"काय खरं बोलला?" गुणानं विचारलं.

केरूनं माइक तोंडाशी धरला आणि सांगितलं. सगळं सांगितलं, नितीन मास्तरच्या नावासकट. माइक चालूच होता, आणि कर्ण्याचं तोंड फाट्याकडं होतं.